बाईंची दांडीवाली गाडी

आमच्या बाई मांडी घालून गाडी चालवायच्या. खोटं नाही सांगत. पाटावर जेवायला बसावं तशी मांडी, पदर खोचलेला, आणि गाडी पनवेलहून तळोज्याच्या रस्त्याला लागलेली. बाजूने जाणारे ट्रकवाले मान वळवून बघायचे. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून बाईंचे दोन्ही पाय लुळे. गाडीत बसल्यावर त्या आधी एक पाय हाताने उचलून घ्यायच्या, मग दुसरा, आणि नीट घडी घालून ठेवायच्या. "खाली लोंबत ठेवले तर उगीच मध्ये मध्ये करतात," म्हणायच्या. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, सगळं हाताने. स्टिअरिंगच्या बाजूला लोखंडी दांड्या बसवून घेतल्या होत्या, म्हणून आमच्या आळीत तिला सगळे दांडीवाली गाडी म्हणत.

बाई तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. मी त्याच कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला. राहायला आम्ही एकाच इमारतीत, तळमजल्यावर, दार समोर दार. कंपनीच्या बसची पायरी बाईंना चढता यायची नाही, आणि दोन माणसांनी धरून वर चढवणं त्यांना मान्य नव्हतं. "मी काय पिंप आहे?" असं एकदा त्या बसच्या दारातच बोलल्या होत्या. गाडी आली आणि बाई मला रोज बरोबर न्यायला लागल्या. पेट्रोलचं विचारलं तर म्हणाल्या, "तू बडबड करतेस ना, तेच भाडं."

ती गाडी घेतली त्याचीही एक कथाच आहे. तेव्हा अशा छोट्या गाडीसाठी लोक नंबर लावून वाट बघत बसायचे, आणि ज्याला मिळाली तो लगेच चढ्या भावाने दुसऱ्याला द्यायचा. अपंग माणसाला तीच गाडी कर माफ होऊन बरीच स्वस्त पडायची. अट एवढीच की स्वतःसाठी वापरायची आणि ठरावीक वर्षं विकायची नाही. बाईंनी कागद भरल्याची कुणकुण लागताच नात्यातले एक गृहस्थ पेढे घेऊन हजर. गाडी बाईंच्या नावावर घ्यायची, वापरणार ते, मुदत संपली की विकायची आणि नफा वाटून घ्यायचा. बाईंनी पेढा खाल्ला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ज्या पायांवर मला उभं राहता येत नाही, त्या पायांवर तुम्ही गाडी उभी करणार होय?" गृहस्थ उरलेले पेढे परत घेऊन गेले.

फोनच्या बोर्डावर आयुष्य गेल्यामुळे बाईंना तोंडाने बोलून काम करायची सवय लागली होती. बोर्डावर साहेबांना जसं "एक मिनिट हं, देते" म्हणायच्या, तशा गाडीशीही बोलायच्या. ब्रेक दाबण्याआधी "थांबा हं". गिअर बदलताना "हं, जोडते". मला सुरुवातीला वाटायचं मलाच सांगतायत. मी आपली बोलायची थांबायची. मग बाई हसायच्या. "अगं तुला नाही, हिला. तुला कोण थांबवणार?"

असं बरीच वर्षं चाललं. मग बाईंचा खांदा गेला. आधी कुबड्यांनी झिजवलेला, वर ह्या दांड्या ओढणं. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद करा, नाहीतर ताट उचलायलाही हात राहणार नाही. गाडी बंद म्हणजे नोकरी बंद. त्यात आमच्या घरमालकाला इमारत पाडून नवीन बांधायची होती. मला माझ्या लेकाचं घर होतं. बाईंचे कंपनीतले फंडाचे पैसे आईच्या दुखण्यात आधीच उचलून झालेले. विकण्यासारखी एकच वस्तू होती, गाडी. तिचा चांगला भाव आला असता तर वडाळे तलावाच्या बाजूला तळमजल्यावर एक खोली बघून ठेवली होती, तिचं डिपॉझिट भागत होतं. नाही आला तर सांगलीला भावाकडे. भाऊ चांगला हो, मी वाईट बोलणार नाही. पण बाईंना पनवेल सोडायचं नव्हतं. इथे त्यांना दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे ओळखत, सांगलीत त्या नुसत्या दादांच्या बहीण.

जुन्या गाड्यांचा एक दलाल होता, त्याला सगळे शेठ म्हणत. बाईंचे दादा त्याला घेऊन आले. शेठने गाडीभोवती फेरी मारली, बॉनेट उघडून बघितलं आणि दोन भाव सांगितले. दांड्या काढून, राहिलेला टॅक्स भरून, कागद साधे करून घेतले तर एक भाव. तो चांगला होता, खोलीचं काम होत होतं. आणि जशी आहे तशी विकायची तर जेमतेम निम्मा. "बाई, अशी गाडी कोण घेणार सांगा? दांडी काढली की एकदम नॉर्मल होईल."

"म्हणजे आजवर आजारी होती का?" बाईंनी विचारलं.

दादा म्हणाले, "कमल, विनोद पुरे. स्वस्तात घेतलेली गाडी इतक्या वर्षांनी एवढे पैसे देतेय. अजून काय पाहिजे तुला?"

बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मात्र गिऱ्हाईक आलं की अट घालायच्या. "मांडी घालून बसा आणि समोरच्या मैदानात एक फेरी मारून दाखवा." एक इंजिनिअर आले होते, त्यांची मांडीच बसेना. दुसऱ्यांनी मांडी घातली, दांडी ओढली, गाडी उडी मारून नारळवाल्याच्या हातगाडीला टेकली. नारळवाला ओरडायला लागला. बाई खिडकीतून हसून हसून लाल. शेठ कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, तुम्हाला गाडी विकायची आहे का सर्कस करायची आहे?" मीही हसले, पण खोलीवाल्याने दिलेली मुदत सरत चालली होती आणि ते मला दिसत होतं.

मग जासईहून हरेश आला. आला म्हणजे, त्याच्या बायकोने त्याला पाठुंगळी आणला. रिक्षातून उतरवला, पाठीवर घेतला आणि बाईंच्या दारात आणून ठेवला. बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर चालवायचा तो. अपघातात दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. बायको तुळसा, बारीक अंगाची. त्याला उतरवल्यावर ती भिंत धरून उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"आमी ऐकला, गारी हातानं चालते. खरा हाय का?" हरेशने विचारलं.

"मांडी घालायची अट आहे माझी," बाई सवयीने बोलून गेल्या आणि जीभ चावली.

तो हसला. "मांडी आमची कायमचीच हाय, बाई."

मैदानात घेऊन गेलो. दोन्ही दांड्यांवर हात घट्ट, ट्रेलरवाल्याचे हात ते. गाडी निघालीही छान. पण कुत्रं आडवं आलं आणि हरेशचा हात जागच्या जागी राहिला. कुत्रं वाचलं ते त्याच्या नशिबाने. हरेशला घाम फुटला होता. "पाय दाबला वो मी," तो म्हणाला. "जोरात दाबला. पन पाय हाय कुठं?"

 तुळसाने तोंड फिरवलं. बाई त्याच्याकडे बघत होत्या. मला नंतर म्हणाल्या, "शालन, मला कधी पायाने ब्रेक मारताच आला नाही, म्हणून विसरायलाही काही नव्हतं. ह्याला आधी पाय विसरायचेत. कसं शिकवायचं गं?"

शिकवलं मात्र त्यांनीच. दुखऱ्या खांद्याला पट्टा बांधून रोज संध्याकाळी शेजारच्या सीटवर बसायच्या. "आधी तोंडाने बोल. थांबा हं. बोललास की हात आपोआप जातो. पायाला विचारायला वेळच ठेवू नकोस." दाढीवाला तगडा माणूस मैदानात "थांबा हं, थांबा हं" करत फिरतोय आणि पोरं मागून पळत तेच ओरडतायत, असं दृश्य होतं ते. तुळसा आणि मी कट्ट्यावर बसायचो. तिने मला सांगितलं, हरेशला दवाखान्यात, बाथरूमला, सगळीकडे पाठीवर न्यावं लागतं. "माजी कंबर गेली तर दोघांना कोन उचलील?" असं ती हसत हसतच म्हणाली.

एक दिवस हरेश मैदानातून बाहेर, रस्त्यावर गाडी घेऊन गेला आणि नाक्याला वळसा घालून परत आला. त्या रात्री जेवता जेवता बाईंनी मला सांगितलं, गाडी त्याला देतेय. जशी आहे तशी. तोही अपंग म्हणून त्याला टॅक्स नाही, पण त्याच्याकडे पैसेही नाहीत. शेठच्या खालच्या भावापेक्षाही थोडे कमीच.

मी तडकले. "आणि खोली? सांगलीला जायचंय का तुम्हाला?"

"पाय असणाऱ्याला सगळ्या गाड्या आहेत शालन. त्याच्यासाठी किती आहेत?"

"आणि तुमच्यासाठी खोल्या किती आहेत?"

बाई आमटीत चमचा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला दादा तरी आहे."

"त्याला बायको आहे."

"तिची कंबर बघितलीस ना?"

मला बोलायचं होतं, की तुमचा खांदाही मी बघितलाय. बोलले नाही. बाईंचं ठरलं की ठरलं, बोर्डावर मोठ्या साहेबालाही त्या "लाइन बिझी आहे" सांगून गप्प करायच्या, तिथे चपात्या लाटणारी मी कोण?

दादा न्यायला आले ते जीप करून. जीपची पायरी उंच. दादांनी एका बाजूने धरलं, ड्रायव्हरने दुसऱ्या बाजूने, आणि बाईंना उचलून आत ठेवलं. बाई काही बोलल्या नाहीत. मी तेवढ्यापुरती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मग आतून हाक आली, "शालन, डबा दिलास का?" मी डबा दिला. त्यांनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. एवढंच आमचं निरोप घेणं.

पावसाळ्यानंतर मी एस.टी.डी. बूथवरून सांगलीला फोन लावला. वहिनींनी उचलला. फोन दिवाणखान्यात उंच फळीवर असतो म्हणे, बाईंचा हात पोचत नाही. वायर ताणून त्यांच्यापर्यंत आणायला वेळ लागला. आवाज तोच. मी सगळं सांगितलं. इमारत पाडली, नारळवाला आता नाक्यावर बसतो, हरेश दिवाळीचं सामान घ्यायला पनवेलला आला होता. मुद्दाम माझ्याकडे, लेकाच्या घरी येऊन गेला, गाडी नीट ठेवलीय.

गाडीचं काही विचारलं नाही बाईंनी. म्हणाल्या, "तुळसा आली होती का बरोबर?"

"आली होती की. पुढे बसून आली होती, नवी साडी नेसून. गाडीतून उतरली आणि सरळ आत आली चालत, पाठीवर काही नाही. हरेश काच खाली करून माझ्याशी बोलत बसला."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मी म्हटलं लाइन गेली की काय. पण श्वास ऐकू येत होता. बाईंनी फोन ठेवला नाही, मग मीही ठेवला नाही. बूथवाला मीटरकडे बोट करून खुणा करत होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि तशीच उभी राहिले.