तलावातून मोजलेली वाट

निसर्ग आळशी आहे, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि हे वाक्य मला दरवर्षी ऐकावं लागतं. मुलं ते गाईडमधून उचलून आणतात, त्यांना मी माफ करते. आमच्या संस्थेच्या सचिवांना मात्र करणार नाही.

गेल्या पावसाळ्यात मी न्यूनतम क्रियेचं तत्त्व शिकवत होते. खडू वर फेकला, झेलला आणि म्हटलं, हातातून निघण्याची वेळ आणि हातात परतण्याची वेळ, दोन्ही पक्क्या धरा. मधल्या वेळात हा कसाही वरखाली होऊ शकला असता, पण जातो एकाच रीतीनं, जिच्यात अख्ख्या प्रवासाचा 'क्रिया' नावाचा हिशेब सगळ्यात कमी भरतो. एक मुलगी उठली. एकोडीच्या पुढे, मोठ्या तलावापलीकडच्या गावातून ती यायची.

"मॅडम, खडूले आधीच कसं मालूम रायते का कोनत्या वाटेनं जायचं हाय थे?"

वर्ग खो खो हसला. मी वर्गावर ओरडले, कारण या तत्त्वाला विचारावा असा खरा प्रश्न तोच आहे आणि तो तिच्याशिवाय कुणालाच पडला नव्हता.

मी तिला म्हटलं, समज, भर मे महिन्यात दुपारची शेतातून घरी निघालीस. धानाच्या उघड्या बांध्यांतून सरळ गेलीस तर वाट छोटी, पण सगळं ऊन डोक्यावर. आंब्यांच्या सावलीनं गेलीस तर ऊन कमी, पण फेरा लांब, आणि फारच लांबून गेलीस तर सावलीपर्यंत पोचतानाच भाजून निघशील. मधे कुठंतरी एक वाट असते, जिच्यात अख्ख्या प्रवासाचा ताप सगळ्यात कमी. तिची खूण अशी, की तिच्यावरून जरासं इकडंतिकडं सरकलं तरी एकूण तापात जवळजवळ फरक पडत नाही. खडूचंही तसंच. उंचावर जितका वेळ काढेल तितका त्याचा हिशेब हलका होतो, पण फार उंच जायचं तर घाई करावी लागते आणि घाई महाग पडते. या ओढाताणीतून त्याची चाल ठरते. त्याला आधी काहीच माहीत नसतं. त्या चालीचा कुठलाही लहानसा तुकडा घेतला तरी त्यातही हाच हिशेब जुळलेला असतो, म्हणून त्याला फक्त त्या त्या क्षणापुरतं नीट वागावं लागतं.

"म्हंजे सगळ्यात छोटी वाट नाई," ती म्हणाली, "साऱ्या वाटेचा हिसाब." इतक्या वर्षांत इतकं नेमकं मला कुणी परत सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी खुशीत घरी गेले.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या बसनं तिच्या गावात जाणं बंद केलं. त्या गावातून चार मुली यायच्या. मीटिंगमध्ये सचिवांनी मोबाईलवर नकाशा उघडला आणि गावापासून हायवेपर्यंत बोटानं सरळ रेघ ओढली. पोरींनी तिथवर पायी यावं, बसचा फेरा वाचेल. "मी सोता चाललो या वाटेनं," ते म्हणाले. चालले होते, अगदी खरं. पण उन्हाळ्यात. आमच्याकडे तलाव आटला की सगळं गाव त्याच्या पोटातून ये-जा करतं, बैलगाड्यांची चाकोरी पडते, आणि साहेबांनी तीच मोजली! पावसाळ्यात तिथं माणूस बुडेल एवढं पाणी असतं. मग उरते ती पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, वळसा घालून जाणारी चिखलाची वाट.

मी हे सांगितलं, तर हसून म्हणतात, "अहो मॅडम, निसर्गसुद्धा शॉर्टकटच मारते ना? तुमीच तं शिकवता."

सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! मी म्हटलं, "सर, कुठून निघायचं आणि कुठं पोचायचं, ही दोन्ही टोकं आधी पक्की करावी लागतात. वाटांची तुलना त्यानंतर. तुम्ही त्यांच्या गावाचं टोकच कापलंत आणि त्याला काटकसर म्हणताय." त्यांनी घड्याळात पाहिलं आणि पुढचा विषय घेतला.

चार दिवसांनी खडूचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीचे वडील आले. "मॅडम, भरल्या तलावाच्या पाळीवून पोरीले एकटी कशी धाडू? राहू द्या आता कॉलेज." त्या माणसावर मी काय म्हणून रागवायचं? त्यानं पाणी पाहिलं होतं.

तेव्हापासून मी सकाळी माझी स्कूटी घेऊन पाळीच्या वाटेनं जाते आणि तिला घेऊन येते. एकदा सचिव फाटकात भेटले. चिखलानं भरलेली गाडी पाहून म्हणाले, "मॅडम, येवढा लांबचा फेरा कायले करता?"

"माझ्यासाठी हीच वाट सगळ्यात जवळची आहे," मी म्हटलं. "हिला घेतल्याशिवाय मी कॉलेजात पोचतच नाही."

स्टाफरूममध्ये या उत्तराचं फार कौतुक झालं. मला त्या कौतुकाचीही चीड आली. दोघींना मागे बसवून आणायचं मी करून पाहिलं होतं, पाळीवर गाडी घसरली आणि आम्ही तिघी पाण्यात जाता जाता वाचलो. आता मी एकीलाच आणते. बाकीच्या तिघी घरी आहेत, आणि त्यातल्या एकीचं लग्न ठरलं आहे.