धाकट्याचं आजचं तोंड

धाकटा भाऊ दहावीत असताना आमच्या मळ्यात काढणीच्या वेळी त्याच्या हातून केळीचा एक घड आपटला. मी झाडाला लावलेला टेकूचा बांबू उपसला आणि त्याला मारलं. तो खाली पडला तरी मारत राहिलो. मजूर बघत होते, म्हणून जास्तच मारलं. त्या दिवसानंतर तो घरी आला नाही.

बऱ्याच वर्षांनी शहरातल्या शनवारा भागातल्या फोटोवाल्याने त्याच्या शाळेतल्या फोटोवर कॉम्प्युटरने वय चढवून दिलं. "घरातलं मोठं माणूस कसं दिसतं त्यावरून अंदाज लागतो, भैया. वडिलांचा फोटो?" वडील तरुणपणीच गेलेले. "मग तुम्हीच बसा कॅमेऱ्यासमोर." पडद्यावर ते कोवळं तोंड रुंद होत गेलं, कपाळाला आठ्या आल्या. मला आनंद झाला. आईला उगाच आशा नको म्हणून दाखवलं नाही.

खाली 'हरवला आहे' असं लिहून फोटो मी मोबाइलवर सगळीकडे पाठवला, खकनारपर्यंत भिंतींवर चिकटवला. कुणीतरी खालचा मजकूर कापून 'मुलं पळवणारा' असं लिहून तो पुढे ढकलला, हे मला डोईफोडियाच्या बाजारात कळलं.

"अरे, यही है वो! पकडो!"

"दादा, हा माझा भाऊ. मी थोरला..."

"थोरला? फोटो तर तुझाच आहे ना रे!"

आधी चपला, मग काठ्या. एकाने दुकानाच्या ताडपत्रीचा बांबू उपसला. दात तुटला, तोंड रक्ताने भरलं. खाली पडलो तरी थांबले नाहीत. बरगडीत लाथ घालणारा मध्येच मान वळवून बघे, लोक बघताहेत का. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं.

पोलिसांनी सोडवलं. घरी आई जखमांवर हळद लावत होती. खिशातला चुरगळलेला फोटो तिने उलगडला.

"हा तर तू."

"धाकटा आहे. आता असा दिसत असेल."

तिने फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला. "ज्या तोंडाला भिऊन माझं लेकरू पळालं, तेच तू गावोगाव लावलंस? आला असता तरी बसस्टँडवरूनच माघारी गेला असता."

उठता येऊ लागल्यावर मी खकनारला जाऊन भिंती खरवडल्या. खळ पक्की बसली होती. चेहरा तुकड्यातुकड्याने निघाला. त्या जागी आईने शाळेतलाच फोटो लावायला लावला. खाली काय लिहायचं तेही तिनेच सांगितलं: 'थोरला आता घरात राहत नाही.'

ते खोटं ठरू नये म्हणून मी अंथरूण उचलून मळ्यातल्या खोलीवर राहायला गेलो.