तळघरातले मुकुट राहिले

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजोबांनी नोकरी का नाही सोडली? सोडली असती तर सगळा उन्हाळा आमच्याकडे राहिले असते ना?"

तुमच्या बाबांचाही हाच आग्रह होता. जेद्दाची नोकरी सोडायची, पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहायचं आणि दर उन्हाळ्यात कोपनहेगनला यायचं. इकडे कंपनी आजोबांना अजून दोन वर्षं थांबा म्हणत होती. गेल्या वर्षी आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा आजोबांनी कोणालाच उत्तर दिलेलं नव्हतं.

एक दिवस तुम्ही शाळेत होतात, तेव्हा बाबा आम्हाला जुना राजवाडा दाखवायला घेऊन गेले. आता तिथे संग्रहालय आहे. खोल्यांना क्रमांक होते, एकही चुकणार नाही म्हणून मी खूश. राजाची लिहायची खोली, झोपायची खोली, मग वर सिंहासनाचा लांबलचक दिवाणखाना. तळघरातले मुकुट मी शेवटी बघायचे म्हणून ठेवले होते. पण जिने चढून आजोबांचे गुडघे बोलायला लागले आणि प्रत्येक खुर्चीपुढे दोरी.

"एवढ्या खुर्च्या, आणि बसायला एकही नाही!"

"बाबा, त्या राजाच्या आहेत."

"मग राजाला सांग, पाहुणा दमलाय."

ते खाली उतरले, लॉकरमधून पिशवी काढली आणि बाहेर खंदकाकाठच्या गवतावर जेद्दाहून आणलेली चटई पसरली. इथे जेद्दात संध्याकाळी समुद्रावर सगळेच असे बसतात; थर्मास, छोटे कप, खजूर.

"बाबा, इथे नको. लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनाही चहा देऊ."

तेवढ्यात रखवालदार आला. मी घाईघाईनं कप गोळा करू लागले. त्याचं म्हणणं एवढंच, की फुलांच्या वाफ्यापासून जरा सरका. आजोबांनी त्याच्यापुढे सौदीतल्या बुरैदाचे खजूर धरले. एक उचलून त्यानं विचारलं, "कुठून आलात?"

"पुणे, इंडिया," बाबा म्हणाले.

"जेद्दा," आजोबा म्हणाले. दोघंही एकदमच.

दोघं हसले. मग बाबा हसायचे थांबले. रखवालदार गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे ठरलं?"

"मलाही आत्ताच कळलं," आजोबा म्हणाले. "अरे, तिथे मी सकाळी उठतो आणि कुठे जायचंय ते मला माहीत असतं. हातपाय चालतायत तोवर राहू दे."

"मुलं वाट बघतात, बाबा."

आजोबांनी रिकामा कप चटईवर ठेवला. "तेच तर अवघड जातंय," म्हणाले.

मग बाबांनी स्वतःच त्यांचा कप भरला. बोलता बोलता राजवाडा बंद व्हायची वेळ झाली आणि मुकुट राहिलेच.

अर्धवट पाहिलेलं मला चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. सगळा उन्हाळा नाही, पण येत्या जुलैत आजोबांनी पूर्ण महिन्याची रजा घेतली आहे. तळघरात आम्हाला तुम्ही दोघांनी न्यायचं. चटई त्यांनी आत्ताच बॅगेत भरून ठेवली आहे.