एकेचाळीस मीटर

ऑफिसात त्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे, अगदी तोंडावर. त्याची तक्रार नव्हती. कपाट दारातून आत जाईल की नाही हे तो नुसतं बघून सांगायचा, आणि हमाल त्याच्याशी पैज लावून हरायचे.

काम म्हणाल तर फोटो मोजायचं. दोन देशांची लढाऊ विमानं समुद्रावर एकमेकांच्या फार जवळ जायची आणि मग दोघेही ‘तेच जवळ आले’ म्हणून बोंबलायचे. म्हणून वर्षातून एकदा दोन्हीकडचे अधिकारी एका टेबलाशी बसत. एकाच फोटोवरून दोन्हीकडचे मोजणारे अंतर काढत. विमानाची खरी लांबी ठाऊक असते, फोटोत ते केवढं दिसतं ते बघायचं, बाकी त्रैराशिक. आकडे जुळले तर ज्याची चूक त्या वैमानिकाला जमिनीवर बसवायचं. नाही जुळले तर प्रकरण बासनात.

यंदाच्या फोटोत आपलंच विमान होतं, पलीकडच्या टेहळणी विमानाच्या खिडकीतून टिपलेलं. फूटपट्टीने तीनदा मोजलं. एकेचाळीस मीटर. करार होता दीडशेच्या आत न जाण्याचा. शेपटीवरचा क्रमांकही ओळखीचा निघाला. त्याच विमानापुढे उभ्या असलेल्या जावयाचा फोटो त्याच्या घरी भिंतीवर होता.

“दीडशे लिहा,” साहेब म्हणाले. “आभाळात टेप धरायला कोण गेलं होतं? अहो, घरच्या माणसालाच बुडवता का?”

संध्याकाळी मुलीचा फोन आला. “बाबा, ह्यांची बढती तोंडावर आलीय. एक आकडा तर आहे.”

एक आकडा तर होता. चार वर्षांपूर्वी साहेबांच्याच शब्दाखातर फूटपट्टीने साठचे एकशेसाठ केले होते. त्या वैमानिकाला कोणी हटकलं नाही, आणि पुढच्या खेपेला त्याने पंखाला पंख घासला. दोन्हीकडची मिळून पाच माणसं समुद्रात गेली. हे मुलीला सांगावं असं ओठांवर आलं, पण लाज वाटली. “बघतो,” एवढंच तो म्हणाला.

बैठकीत त्याने कागद पुढे सरकवला. पलीकडच्या चष्मेवाल्यानेही सरकवला. दोन्हींवर एकेचाळीस. साहेबांना सही करावी लागली.

जावयाचं उड्डाण बंद झालं, बढती हुकली. मुलगी सात महिने फिरकली नाही. बायको म्हणायची, “सगळं जग मोजता, एकदा पोरीचं मन मोजा की!”

एका रविवारी दुपारी जावई एकटाच आला. बूट काढायच्या आधीच म्हणाला, “बाबा, तुमचा आकडा चुकला.”

“तीनदा मोजलाय.”

“फोटोतलं बरोबर असेल. मी त्यानंतर अजून आत घुसलो. खिडकीतला माणूस हाताने ‘दूर हो, दूर हो’ करत होता. पिकल्या मिशांचा, तुमच्याच वयाचा. मला तेव्हा हसू आलं. आता झोपेत तोच दिसतो.”

“किती होतं?”

जावयाने उंबऱ्यातून समोर बोट केलं. “इथून त्या भिंतीपर्यंत.”

पाच मीटर, फार तर साडेपाच. फूटपट्टी त्या भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने खुर्ची ओढली.

“बसा,” तो म्हणाला. “मलाही एक आकडा सांगायचाय.”