वहिनींची बिस्किटं

आमच्या मोठ्या वहिनींनी आजवर शंभरेक माणसं दुखावली असतील, पण प्रत्येकाच्या बाबतीत त्यांच्याकडे सबळ कारण होतं. कुणाची चकली वातड होती, कुणाच्या लाडवाचा पाक पुढे गेला होता, कुणी करंजीत सारण भरताना हात आखडला होता. विनाकारण त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला दुखावलं आणि तेही माझ्यामुळे. माझ्या एका खोट्यामुळे. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण तीन वर्षं मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी नंदुरबारला एका शाळेत मराठी शिकवतो. वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर रनाळ्याचं. त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा मी चौथीत होतो. आता माझे केस पिकले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, पण वहिनींच्या लेखी मी अजून चौथीतच आहे. मला त्या 'भाऊ' म्हणतात आणि काम सांगताना 'ए भाऊ' म्हणतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पदर खोचतात तो तुळशीच्या लग्नालाच सोडतात. मधल्या काळात आमचं घर हे घर राहत नाही, कारखाना होतं आणि आम्ही सगळे रोजंदारीवर. माझी बायको बँकेत कर्जाच्या फायली तपासते, पण शंकरपाळ्याच्या पिठात मोहन घालायचा अधिकार तिला लग्नानंतर सहाव्या दिवाळीत मिळाला, तोही वहिनींच्या देखरेखीखाली. अण्णा, म्हणजे माझे भाऊ, निवृत्त झाल्यापासून अनारशांच्या तांदळाच्या राखणीला असतात. तीन दिवस भिजवलेले, रोज पाणी बदललेले तांदूळ वऱ्हांड्यात सावलीला पंचावर पसरायचे आणि अण्णांनी शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसायचं. एका वर्षी ते बातम्या वाचता वाचता पेंगले आणि खारीनं पंचाचा एक कोपरा साफ केला. वहिनींनी खारीला काही म्हटलं नाही. राहिलेले तांदूळ गाईला घातले आणि नवे भिजत टाकले. त्या वर्षी अनारसे थेट भाऊबीजेला झाले. अण्णांच्या वाट्याला त्यातला एक आला, तोही फुटका.

दिवाळीच्या सुमारास आमच्या गावाबाहेर वाळत घातलेल्या लाल मिरच्यांच्या पथारी पडायला लागतात. वारा फिरला की सगळं गाव शिंकतं. वहिनींना गावाच्या शिंकांचं काही नाही, त्यांना काळजी रव्याची. "ए भाऊ, खिडकी लाव, लाडूसले ठसका लागी!" असं ओरडत त्या सगळ्या झडपा बंद करायला लावतात. मग आम्ही आत तुपाच्या वाफेत घामाघूम होऊन बसतो आणि लाडू मात्र सुखरूप असतात.

शेजारून फराळाची ताटं येतात ती वहिनी खात नाहीत, तपासतात. चकली कानाजवळ नेऊन मोडतात. आवाज ऐकून तेल कोमट होतं की कडकडीत, भाजणीत डाळ जास्त पडली का, करणारीचं लक्ष फोनमध्ये होतं का, हे सगळं सांगतात. एकदा समोर राहायला आलेल्या तलाठ्याच्या नव्या बायकोची चकली मोडताना आवाजच झाला नाही. वहिनी भर दुपारी परात घेऊन तिच्या दारात उभ्या. "बाई, रडू नको. चकली बिघडनी शे, संसार नही." ती आधी रडत नव्हती, हे ऐकून रडायला लागली. संध्याकाळपर्यंत मात्र दोघींनी मिळून तीन किलोची चकली पाडली. आता ती तलाठीणबाई ताट वाटायच्या आधी एक नमुना गुपचूप वहिनींकडे मंजुरीला पाठवते.

आकाशकंदील विकतचा आणायचा नाही हा आणखी एक कायदा. धडगावकडची एक बाई बाजाराच्या दिवशी टोपल्या विकायला येते. तिच्याकडून वहिनी बांबूच्या कामट्या तासून घेतात आणि त्याचा षटकोनी कंदील करायला बसतात. दरवर्षी तो पपईसारखा होतो. आमच्या घराचा पत्ता सांगताना लोक आता 'पपई टांगलेली असते ते घर' असंच सांगतात. वहिनींना वाटतं, हे कौतुक आहे.

पण या सगळ्याच्या वर होती ती बिस्किटं. आमच्याकडे दिवाळीची बिस्किटं कुणी विकत आणत नाही. आपला मैदा, आपला रवा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचं, भट्टीत भाजून घ्यायची आणि डबे भरून घरी आणायची. दिवाळीआधी आठ दिवस बेकरीसमोर सकाळपासून बायकांची रांग असते. प्रत्येकीच्या मांडीशी डबे, डब्यांवर रंगानं लिहिलेली नावं. वहिनी जात त्या बेकरीच्या भट्टीवर एक चाचा होते. त्यांच्या वडिलांपासून तोच धंदा. वहिनी तूप-साखर घरीच परातीत तळहातानं फेसून नेत, कारण मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. चाचांचा वहिनींच्या फेसण्यावर विश्वास नव्हता. म्हणून दरवर्षी भांडण.

"भाभी, और थोडा फेंटना पडेगा."

"तुमना डोया फुटनात का चाचा? थेंब पानीवर तरंगी ऱ्हायना, देखा!"

"आपके पानी में तैरता होगा. हमारे पानी में डूबता है."

मग चाचांच्या पाण्यात फेसलेल्या तुपाचा थेंब टाकून पाहिला जाई, तो तरंगे, आणि चाचा म्हणत, "भाभी को देख के डर गया." रांगेतल्या बायका पदराआड हसत. भाजून निघालेलं पहिलं बिस्कीट चाचा फुंकर मारून वहिनींच्या हातावर ठेवत. वहिनी ते मोडत, चावत, डोळे मिटत आणि नुसती मान हलवत. तेवढी मान हलली की चाचा बिस्किटं मांडलेला पुढचा पत्रा आत ढकलत. मी वहिनींना मान हलवताना दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. दिवाळीला आमच्याकडून चाचांच्या घरी ताट जाई, ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचं भांडं येई. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून वहिनी त्यात काहीतरी घालून पाठवत.

तीन वर्षांपूर्वी वहिनींचा गुडघा सुजला. भट्टीपाशी बसणं शक्य नव्हतं. घरात तेवढ्या वेळेला मोकळा मीच होतो. मोकळा म्हणजे अगदी मोकळा नव्हे, कारण त्याच दिवशी दुपारी आमच्या कॉलनीत आकाशकंदील स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. शाल आणि श्रीफळ मिळणार होतं. ते ऐकून वहिनी म्हणाल्या होत्या, "तू परीक्षक? चौथीमा तुन्हा कंदील मीच करी दियेल व्हता."

पिठाची परात माझ्या हाती देताना त्यांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. "देख भाऊ, भट्टीजोडे बठी ऱ्हायजो. आनि थंडं व्हवाबिगर डबामा भरू नको."

मी बसलो. तासभर बसलो. दोन तास बसलो. चाचांनी पत्रे काढले, बिस्किटं सोनेरी, कडेनं किंचित लाल, जशी वहिनींना हवी अगदी तशी. त्यांनी मला पहिलं बिस्कीट दिलं. मी घड्याळ बघत ते खाल्लं. चाचा म्हणाले, "सर, आधा घंटा पंखे के नीचे रहने दो." मी म्हटलं हो आणि ते दुसऱ्या पत्र्याकडे वळताच सगळी गरमागरम बिस्किटं चार डब्यांत भरली, झाकणं घट्ट लावली, डबे घरी टाकले आणि शाल घ्यायला पळालो.

संध्याकाळी शाल पांघरून घरी आलो तेव्हा वहिनी डब्यांसमोर बसल्या होत्या. झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होतं. खाली पाच किलो मैद्याचा ओला चुरा. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या अंगावर शाल होती, मुलं बघत होती, बायको बघत होती. मी म्हणालो, "चाचांनी कच्चीच काढली, ओल त्याचीच. मी म्हटलं त्यांना, पण ऐकलं नाही."

घरातल्या लोकांना एवढंच हवं होतं. सुरतेहून आलेला आमचा एक चुलतभाऊ, ज्यानं उभ्या आयुष्यात चहासुद्धा केलेला नाही, तो लगेच म्हणाला, "मी तर आधीपासून सांगत होतो. या लोकांचं काही खरं नाही."

वहिनी त्याच्यावर उखडल्या. "या लोक म्हणजे कोन रे? त्यासनी बिस्किटं खाई खाई तू एवढा व्हयना! चाचा चुकना व्हई तं चाचा चुकना. त्यामा लोक कोठे ऊनात?"

मी तिथेच होतो. तेव्हाही शालीची घडी घालत बसलो.

दुसऱ्या दिवशी गुडघा ओढत त्या बेकरीत गेल्या, डबा धरायला मला घेऊन. डबा उघडून चाचांसमोर ठेवला. सगळी रांग बघत होती. नेहमीसारखं भांडण होईल म्हणून बायकांनी पदर तोंडाला लावले होते. पण वहिनी ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "चाचा, आते तुमना हात थकना." चाचांनी चुरा बोटात घेऊन बघितला. त्यांना काय झालं ते नक्की कळलं असणार, इतक्या वर्षांचे भट्टीवाले ते. पण रांगेसमोर त्यांनी माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मी कदाचित नाकबूलही झालो असतो.

त्यानंतरच्या ईदला शीरखुर्मा आला. वहिनींनी भांडं घासून, पुसून, रिकामं परत पाठवलं. पुढच्या ईदला भांडं आलं नाही.

बिस्किटं बिघडली त्याच्या पुढच्याच दिवाळीला पुतण्यानं पुण्याहून विजेची भट्टी पाठवली. तिच्यात एका वेळी बारा बिस्किटं मावत. वहिनी तिच्या काचेसमोर मालिका बघावी तशा बसत आणि बरोबर दहाव्या बिस्किटाला रंग चढायच्या वेळी वीज जाई. त्यापुढच्या वर्षी पातेल्यात वाळू तापवून झालं. बिस्किटं भाजली छान, फक्त दाताखाली तापीचा काठ लागे. आम्ही सगळ्यांनी 'वा वा' केलं. वहिनींनी एक मोडलं, चावलं, मान काही हलवली नाही. या वर्षी त्या म्हणाल्या, "बिस्किटं ऱ्हाऊ द्या. आपला घरमा कोठे कोनले आवडतस?" हे त्या पाच किलो बिस्किटं पाच दिवसांत संपवणाऱ्या घराला सांगत होत्या.

परवा मी टोस्ट घ्यायला म्हणून त्या बेकरीत गेलो. खरं तर टोस्ट वाटेवर दहा ठिकाणी मिळतात. भट्टीवर चाचांचा थोरला मुलगा होता. त्यालाच दोन नातवंडं आहेत. चाचा गल्ल्याशेजारी बसून टोस्टच्या पिशव्यांची तोंडं बांधत होते.

"भाभी कैसे हैं? घुटना?"

"बरा आहे. तुम्ही भट्टीवर नाही?"

ते हसले. "छोड दी सर, तीन साल हो गए. भाभी ने बोला ना, हाथ थक गया. भाभी झूठ तो बोलते नहीं."

टोस्टची पिशवी मी तिथेच विसरलो.

घरी वहिनी करंज्यांना मुरड घालत होत्या. मी समोर पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. शाल, श्रीफळ, गरम डबे, खोटं. त्यांचा हात थांबला नाही. मुरडीमागे मुरड पडत राहिली. मी करंज्या मोजत होतो, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे बघण्याची हिंमत नव्हती. अकरावी करंजी पूर्ण झाल्यावर त्यांनी हात झटकले.

"मी त्यासले रांगसमोर बोलनू. भांडं रिकामं धाडं." त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. मग माझ्याकडे बघितलं. "माले काय सांगी ऱ्हायना? ऊठ. चाल."

पिठाच्या हातानं, पायात एक स्लीपर माझ्या बायकोची आणि एक स्वतःची, अशा त्या भर सकाळी रस्त्यानं निघाल्या. मी मागून. गुडघ्याचं दुखणं त्या दिवशी कुठे गेलं होतं कोण जाणे. बेकरीसमोर रांग लागलेली. वहिनींना बघून बायकांनी वाट दिली. चाचा पिशव्या सोडून उभे राहिले, अर्धवट, एक हात गल्ल्यावर टेकून. तो हात बारीकसा थरथरत होता. तीन वर्षांपूर्वी तो थरथरत नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

वहिनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "चाचा, हाऊ तुमले काही सांगी ऱ्हायना."

मी घसा साफ केला. "चाचा, तीन वर्षांपूर्वी माझ्याकडून अनवधानानं जो काही..."

आत पीठ मळायचं मशीन घरघरत होतं. चाचांनी कानाला हात लावला. "क्या बोले सर?"

"शाळानी भाषा नको," वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मोठा आवाजमा बोल. सगळ्यासले आयकू येवाले पाह्यजे."

रांगेतल्या बायका डबे सोडून पुढे सरकल्या. वहिनींनी पदराला हात पुसले आणि चाचांच्या शेजारी, त्यांच्या बाजूनं, माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. घरात जी बोली मी मुलांना बोलू देत नाही त्याच बोलीत, जमेल तेवढ्या मोठ्यानं मी म्हणालो, "चाचा, बिस्किटं कच्ची नव्हतात. मीच गरमगरम डबामा भरी दिनात आनि घर जाईसन खोटं बोलनू. तुमना हात थकना नव्हता चाचा. माले माफ करा."