ओंकारला परत आणा!

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. नाहीतर तुमचा चहा तुम्हाला आणि माझी फजिती मला! कबूल? बरं, ऐका मग.

आमचा ओंकार एकुलता एक. माझं लातूरच्या गंजगोलाई बाजाराजवळ बोअरच्या मोटारींचं दुकान. आता लातुरात जन्मलेल्या पोरानं डॉक्टर व्हायचं नाही तर काय व्हायचं? दोन वर्षं क्लास केले, मार्क थोडे कमी पडले, मग गल्लीतल्या आणखी चार पोरांसारखा तोही परदेशी गेला. आर्मेनियाला. हा देश नेमका कुठं आहे हे पोरगं तिथं राहायला लागलं तरी मला माहीत नव्हतं. मुंबईहून विमान सुटतं, एवढं माहीत होतं. बापाला आणखी काय लागतं?

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर आमची मंगल आतून येऊन सांगेल. टीव्हीवर कुणी बर्फात, डोंगरात अडकलं आणि सरकारनं हेलिकॉप्टर पाठवलं, की मी गल्ल्यावर बसून भाषण ठोकायचो. "कुणी सांगितलं होतं जायला? मर्जीनं गेलेत, आता मर्जीनं या म्हणावं! सरकार काय ह्यांचा मामा हाय?" शेजारच्या दुकानातले टेलर मेहबूबभाई मशीन चालवता चालवता मान हलवायचे. त्यांना ते भाषण तोंडपाठ झालं होतं.

आणि मग तिकडं इराणात बॉम्ब पडायला लागले.

मला काय त्याचं! मी आपला मोटारी विकत होतो. पण संध्याकाळी आमचे मेहुणे घरी आले, म्हणाले, "दाजी, इराणाच्या शेजारी कोणता देश हाय माहितीय का?" मोबाईलवर नकाशा उघडला. मी बोट ठेवलं. दोन्ही देश एकाच बोटाखाली! मंगल म्हणाली, "तुमचं बोट जाड हाय," पण अशा वेळी कोण ऐकतंय?

ओंकारला फोन लावला. दुसऱ्या कॉलवर. परत लावला. दुसऱ्या कॉलवर. रात्री लावला, सकाळी लावला, सारखा दुसऱ्या कॉलवर! अहो, हे पोरगं आपल्या सख्ख्या आईशी दोन मिनिटं बोलत नाही, हे कुणाशी एवढं बोलायलंय? शेवटी एकदा फोन उचलला गेला. मी ओरडलो, "ओंकार!" तिकडून एका पोरीचा रडका आवाज आला, "हॅलो? अम्मी?" आणि फोन कट.

आता सांगा, कोणता बाप शांत बसेल?

त्यात मेहुण्यांनी टीव्ही लावला. एका मोठ्या हॉलमध्ये आपली भारतीय पोरं फरशीवर पडलेली, कुणी बॅगेवर डोकं टेकून झोपलेलं, कुणी रडायलेलं. आणि त्या गर्दीतून डोक्यावर ही मोठी गुलाबी बॅग घेऊन वाकत वाकत चाललेला कोण? आमचा ओंकार! केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. मंगल, जी आतापर्यंत धीराची होती, तिनंही पदर तोंडाला लावला. "माझ्या लेकराची काय दशा झाली हो!" मलाही भडभडून आलं. खोटं कशाला बोलू, मी रडलो. बायकोसमोर आणि मेहुण्यासमोर रडलो.

मग मात्र मी पेटलो. म्हणालो, "बास! उपोषणाला बसतो. कलेक्टर कचेरीसमोर!"

आमच्याकडं हे असंच आहे. पाणी नाही, बसा उपोषणाला. विमा मिळाला नाही, बसा उपोषणाला. मंडपवाला ओळखीचा, त्यानं सकाळीच मंडप घातला. स्पीकरवाला मंडपवाल्याचा साडू. फ्लेक्स मेहुण्यांनी रातोरात छापून आणला. आता त्यांनी घाईत वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सवरच मजकूर बदलायला सांगितला होता. त्यामुळं वर 'युद्धभूमीत अडकलेल्या ओंकारला परत आणा', मध्ये गॉगल घातलेला ओंकार, चारी बाजूंनी फुगे, आणि खाली 'शुभेच्छुक: समस्त मित्रमंडळ'! पण बदलायला वेळ कुठं होता?

निघताना मंगल म्हणाली, "उपाशी पोटी उपोषणाला बसू नका. पित्त होतंय तुम्हाला." म्हणून दोन भाकरी आणि वरण खाऊन मी आमरण उपोषणाला बसलो.

माणसं जमली. व्यापारी आले, क्लासवाले आले, ज्यांची पोरं परदेशात आहेत असे पालक आले. बायका मंगलला धरून बसल्या. मी माईक हातात घेतला आणि काय भाषण केलं म्हणता! "नागरिक जगाच्या पाठीवर कुठंबी अडको, त्याला सोडवणं ही सरकारची जबाबदारी हाय! पोरगं मर्जीनं गेलं म्हणून काय झालं? मर्जीनं गेलेलं लेकरू आपलं नसतंय का?"

टाळ्या! मागून कुणीतरी ओरडलं, "अप्पा, परवा तर तुम्ही म्हणलाव, सरकार काय मामा हाय का?"

"हाय!" मी माईकवरूनच ओरडलो. "मामाच हाय! अन् मामानं भाच्याला आणायलाच पाहिजे!"

आणखी टाळ्या.

तेवढ्यात मेहबूबभाई आले. भाई दोन दिवस नांदेडला भावाकडं होते, कारण भावाची पोरगी शाहीन खरंच इराणात डॉक्टरकी शिकायला होती आणि तिचा काही पत्ता नव्हता. बसमधून उतरून बिचारे तडक मंडपात आले. डोळे लाल, दाढी वाढलेली. मी त्यांना मिठीच मारली. म्हणालो, "भाई, तुम्ही घाबरू नका. मी दोघांसाठी बसलोय!"

ते म्हणाले, "अप्पा, सुनो तो सही. ओंकारचा नंबर…"

"नंबर लागत न्हाई भाई! माहीत हाय मला!"

"वो नै अप्पा, नंबर तुमीच मला…"

तेवढ्यात मेहुण्यांनी घोषणा दिली, "ओंकारला परत आणा!" स्पीकर असा कडाडला की मेहबूबभाईंचं बोलणं त्यात गडप झालं. तीनदा त्यांनी तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा आम्ही घोषणा दिली. शेवटी ते डोक्याला हात लावून माझ्या शेजारी बसून राहिले. मला वाटलं, दुःखानं.

मग कचेरीतून नायब तहसीलदार मॅडम आल्या. तरुण बाई, पण एकदम शांत. माझ्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसल्या. "अप्पा, तुमचा मुलगा कोणत्या देशात आहे?"

"आर्मेनिया!" मी माईकवरून सांगितलं.

"अन् त्याला कुठून सोडवायचं?"

"आर्मेनियातून!"

मॅडमनी हातातली फाईल मिटली. मग हळूच म्हणाल्या, "अप्पा, इराणात अडकलेली पोरं सरकार बसमधून सीमेपलीकडं आणायलंय. सीमेपलीकडं म्हणजे आर्मेनियात. तिथून विमानानं दिल्लीला. सोडवलेली पोरं जिथं आणतात, तिथं तुमचं पोरगं आधीपासूनच आहे. त्याला सोडवून नेऊ कुठं?"

माईक चालूच होता हो! हे सगळं स्पीकरवरून पार बसस्टँडपर्यंत गेलं. मग मागं एक बाई फिस्सकन हसली.

मी तरी हार मानतो का? "मग टीव्हीवर तो बॅग घेऊन रडत चालला होता त्याचं काय? फोनवर ती पोरगी रडली त्याचं काय?"

मॅडमनी दोन-तीन ठिकाणी फोन लावले. दूतावासातल्या कुणा माणसाचा नंबर मिळाला, त्यानं हॉलमध्ये आवाज दिला, आणि व्हिडिओ कॉलवर आमचे चिरंजीव! गळ्यात ओळखपत्र, एका हातात भाताचा डाव.

"पप्पा, काय झालं? मंडपात कामून बसलाव? कुणाचं लग्न हाय?"

"अरे, तू बरा हायस का? तुझा फोन का लागत न्हाई?"

"फोन पोरांना दिलाय पप्पा! तिकडून आलेल्यांचे मोबाईल बंद पडलेत, लाईन लावून घरी बोलायलेत. आम्ही सगळी इथली मराठी पोरं मदत करायलोत. खिचडी करायलोत, सामान उचलायलोत. झोपलो न्हाई दोन रात्री."

"अन् ती गुलाबी बॅग?"

"ती शाहीनची! तुम्हीच तर मेहबूबचाचांना माझा नंबर दिला होता ना, पोरगी आली तर बघ म्हणून? त्यांचा फोन आला, मग सीमेवर जाऊन तिला घेऊन आलो की! फोनच्या लाईनीत तिचा नंबर अजून यायचाय."

दिला होता हो! भाई नांदेडला निघाले तेव्हा गिऱ्हाइकाच्या घाईत, कशाला पाहिजे तेही नीट न ऐकता, मोटारीच्या बिलामागं लिहून मीच दिला होता आणि साफ विसरलो होतो. मी मेहबूबभाईंकडं बघितलं. त्यांचं लक्षच माझ्याकडं नव्हतं. मोबाईलमध्ये ओंकारच्या खांद्यामागून एक डोकं वर आलं होतं. डोळे रडून सुजलेले, हातात खिचडीची प्लेट.

"चाचा! मैं आ गई! अब्बा को बोलो, रोना नक्को!"

मेहबूबभाईंनी मोबाईल दोन्ही हातांनी धरला आणि ते लहान पोरासारखे रडायला लागले. मंगल रडली, मेहुणे रडले, मॅडमनीही हळूच डोळे पुसले. मग एकदम सगळे हसायला लागले. कुणीतरी पेढे आणले. आणि स्पीकरवाल्यानं, कुणी सांगितलं नसताना, वरातीचं गाणं लावलं! खरं सांगतो, ओंकार डॉक्टर होईल तेव्हा होईल, पण एवढी छाती माझी त्या दिवशीच फुगली.

पण उपोषणाचं काय? ते रीतसर सोडायला नको? मॅडमनी लिंबू सरबताचा ग्लास माझ्या हातात दिला. मी पहिला घोट घेतो न घेतो, तेवढ्यात त्यांना वरून साहेबांचा फोन आला. आणि तो मेला माईक अजून चालूच! सगळ्या लातूरनं ऐकलं.

"हो सर. आपल्या जिल्ह्यातला एक नागरिक अडकला होता, बरोबर… नाही सर, आर्मेनियात नाही. इथंच, आपल्या गेटासमोर… हो सर, सुटका झाली. सरबत पाजलं… मुलगा? मुलगा तिकडं दुसऱ्यांना सोडवतोय सर. हे वडील आहेत… हो, सुखरूप आहेत. जरा लाजलेत फक्त. गाडीनं घरी सोडते."