साखळीत बांधलेला पंप

राजाराम देवतळे इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हायमध्ये, कोणाच्याही घरी गेला की आधी दारातल्या गाडीचे टायर बघतो आणि मग आत येऊन यजमानाला झापतो. नागपूरहून आला, एकतीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकवर काम केलं, रिटायर झाला, आणि बाकीचे क्रूझवर जातात तसा हा युगांडात जाऊ लागला. इथल्या मराठी लोकांनी काढलेली 'ओलावा' ही संस्था तिथल्या खेड्यांत हातपंप बसवते. पंप बसवणं सोपं असतं हो. बिघडल्यावर कोण बघणार? राजारामने तिथल्या सात बायकांना पंप उघडायला, वॉशर बदलायला शिकवलं. त्यात नाकातो सगळ्यात तयार.

मागच्या फेब्रुवारीत तिचा फोन आला. तिच्या गावचा पंप बसवून दोन आठवडे झाले होते, पण दांड्याला साखळी आणि कुलूप. बायका अजून दलदलीतलंच पाणी भरत होत्या, आणि तिची धाकटी जुलाबांनी आडवी पडली होती. कंत्राटदाराने दम दिला होता, कुलपाला हात लावलात तर शाळेजवळ बसणारा दुसरा पंप विसरा.

कुलूप लावायला सांगितलं होतं आमच्याच कमिटीने. उद्घाटन व्हायचं होतं ना. कुठेही जाऊ, नारळ फोडल्याशिवाय आम्ही नळ सोडत नाही.

शनिवारी सकाळी अध्यक्ष विनयच्या बेसमेंटमध्ये मीटिंग झाली. मीही कमिटीवर आहे, सांगायला लाज वाटते.

"काका, जूनमध्ये मुलांच्या शाळा संपल्या की आपण सगळे जातोच आहोत," विनय म्हणाला. "चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"मग तुझ्या घरचे नळ चार महिने बंद ठेव," राजाराम म्हणाला. "रिबन मी आणून देतो."

सेक्रेटरी आश्लेषाने समजुतीचा सूर लावला. "तसं नाही हो काका. पहिलं पाणी आपली मुलं काढणार असं फ्लायरवर छापलंय आपण. किड्सना तो मोमेंट मिळायला हवा ना."

मोमेंट. मी म्हटलं, मला हे ऐकून ओकारी येतेय. तर विनय म्हणतो, "मावशी, वडे गार होतायत."

मतं घेतली. नऊ विरुद्ध दोन.

राजारामने तिथेच नाकातोला फोन लावला, स्पीकरवर. "साखळी कापून टाक," तो म्हणाला.

"आणि शाळेजवळचा पंप?" तिने विचारलं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. खोटं बोलणं सोपं होतं. "त्याचं वचन मला देता येत नाही," तो म्हणाला. "मी सांगितलं म्हणून कापलीस, एवढं मात्र सगळ्यांना सांग."

 ती म्हणाली, "करवत आहे माझ्याकडे."

वडे संपायच्या आत राजारामला कमिटीतून काढलं.

जूनमध्ये मंडळी गेलीच. पंपाला नवी साखळी बांधली, नारळ फोडला, बायकांना रिकामे डबे घेऊन रांगेत उभं केलं, आणि विनयच्या मुलाने पहिलं पाणी काढलं. चार महिने अख्खं गाव वापरत असलेल्या पंपाचं पहिलं पाणी. व्हिडिओत दांड्याचा उडालेला रंग स्वच्छ दिसतो. इथे हॉलमध्ये तो दाखवला तेव्हा दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि शाळेजवळचा पंप 'पुढच्या फेज'मध्ये गेला. म्हणजे गेलाच.

मी तो व्हिडिओ राजारामला दाखवला. रांगेत आईचा हात धरून नाकातोची धाकटी उभी होती. तिथे त्याने तो थांबवला.

"बरी दिसतेय," म्हणाला. मग नाकातोला फोन लावून विचारलं, शाळेतली मुलं आता पाणी कुठून आणतात.

"दलदलीतून," ती म्हणाली. "दुसरं कुठून आणणार?"